घरामागच्या ओहोळातला मासा ओळखायचा कसा

नाशिकजवळच्या मखमलाबादकडच्या एका ताईंनी विचारलंय. घराच्या मागून एक ओहोळ जातो, उन्हाळ्यात तो जवळजवळ कोरडा असतो. पाऊस उघडला, पाणी निवळलं आणि त्यात मासे दिसायला लागले. एक काळपट, लांबट, सापासारखा वळत जाणारा. एक चांदीसारखा, अंगावर काळे ठिपके असलेला. एक बोटाएवढा, दगडाला चिकटून बसणारा. आणि पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारे बारीक मासे. फोटो काठावर उभं राहून काढलेत. यांची नावं काय, विषारी आहेत का, आणि मुलं म्हणतायत की घरी टाकीत ठेवू, तर ठेवू का?

ताई, फोटो बघितले. काठावरून काढलेल्या फोटोत फक्त पाठ दिसते, आणि ओहोळातल्या बहुतेक माशांची पाठ वरून सारखीच दिसते, मळकट हिरवी नाहीतर राखाडी, कारण वरून खंड्या आणि बगळा बघत असतो. त्यामुळे या फोटोंवरून खात्रीनं नाव सांगणारा माणूस अंदाजच बांधतोय असं समजा. मी गोदावरीच्या वरच्या भागात, त्र्यंबकच्या बाजूच्या ओढ्यांपासून खाली निफाडपर्यंत, माशांच्या सर्वेक्षणाचं काम बरीच वर्षं करतोय, तरी असा फोटो आला की मी आधी नाव सांगत नाही, आधी पाण्याबद्दल विचारतो.

कारण खरा प्रश्न नुसत्या नावाचा नाहीये. हा मासा इथला आहे की कुणी आणून सोडलेला आहे, आणि आला कुठून, हे कळलं की अर्धी ओळख पटते आणि पुढे काय करायचं तेही ठरतं. तुमच्या भागात ओहोळात पाणी येण्याचे तीन-चार मार्ग आहेत. डोंगराकडून पावसाचं वाहून येणारं पाणी. गंगापूर धरणाच्या डाव्या कालव्याचा पाझर किंवा आवर्तन सुटल्यावर चाऱ्यांमधून, म्हणजे पोटकालव्यांमधून, येणारं पाणी. द्राक्षबागांची शेततळी, जी जोरदार पावसात भरून वाहतात. आणि वस्तीचं सांडपाणी. डोंगराच्या पाण्यातला मासा वेगळा, कालव्यातून आलेला वेगळा, आणि शेततळ्यातून निसटलेला तर बहुतेक वेळा रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) नाहीतर चिलापीचं (तिलापियाचं) पिल्लू. म्हणून ओहोळाच्या काठानं एकदा वरच्या अंगाला चालत जा आणि बघा की पाणी कुठून कुठून मिळतंय. हे काम फोटोपेक्षा जास्त उपयोगाचं आहे आणि मुलांनाही आवडेल.

"कोरड्या ओहोळात मासे आले कुठून" याचं उत्तर बऱ्याच जणांना चमत्कारासारखं वाटतं, पावसातून पडले असंही लोक सांगतात. तसं नसतं. पहिल्या पावसात नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहात वर चढतात, त्यांनाच आपण चढणीचे मासे म्हणतो. ओहोळ गोदावरीला किंवा तिच्या एखाद्या नाल्याला कुठेतरी जोडलेला असला की ते वीतभर पाण्यातूनसुद्धा वर येतात. आणि काही मासे गेलेलेच नसतात, उन्हाळाभर एखाद्या डोहात, कपारीत, ओल्या चिखलात तग धरून असतात.

आता फोटो. नीट फोटो हवा असेल तर मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, काही मिनिटं पाण्यातच पण सपाट पारदर्शक डब्यात घ्यायचा. मिठाईचा प्लास्टिकचा डबा चालतो, अरुंद असेल तर उत्तम, म्हणजे मासा वळत नाही. पाणी त्याच ओहोळाचं, नळाचं नको, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीननं माशाचे कल्ले भाजतात. हात आधी ओले करायचे, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग तिथे बुरशी धरते. सावलीत बसायचं. एक फोटो बरोब्बर बाजूनं, पाठीवरचा पर उभा असताना, डब्याला पट्टी टेकवून. एक तोंडाचा खालून. एक डोक्याचा वरून. झालं की लगेच जिथून घेतला तिथेच सोडायचा. दगडाखालचा मासा दगडापाशीच सोडा, मधल्या धारेत नको.

बघायचं कशाकडे, तर रंगाकडे सगळ्यात शेवटी. नवीन माणूस हमखास रंगावर जातो. पण रंग फसवतो, घाबरलेला मासा दोन मिनिटांत फिका पडतो, गढूळ पाण्यातला फिका असतो, विणीच्या काळात नर लालसर होतो आणि पिल्लाचे ठिपके मोठेपणी नाहीसे होतात. मी आधी तोंड बघतो. तोंड वर वळलेलं असेल तर मासा पृष्ठभागावरचे किडे खातो, खाली वळलेलं असेल तर तळ खरवडतो किंवा चिखल चाळतो, समोर असेल तर दोन्हीच्या मधलं. मग मिशा आहेत का आणि किती जोड्या. मग खवले आहेत का. मग पाठीवरचा पर, लांब की आखूड, काटेरी की मऊ, एक की दोन. आणि शेपटी गोल की दुभंगलेली. एवढं नीट बघितलं तर ओहोळातला मासा तुम्ही निदान कुळापर्यंत आणू शकता, आणि घरच्या कामासाठी तेवढं पुरतं.

हे तुमच्या चार माशांना लावून बघू.

काळपट लांबट मासा. फोटोत शेपटी गोल वाटतेय आणि तुम्ही लिहिलंय की मधेच वर येऊन तोंड उघडून जातो. यावरून मला तो डोकऱ्या वाटतो, शास्त्रीय नाव चन्ना गाचुआ, मरळीच्याच घराण्यातला पण लहान, वीतभर वाढतो. खात्रीसाठी दोन गोष्टी बघा. पाठीवरचा पर डोक्याच्या मागून सुरू होऊन पार शेपटीपर्यंत लांब जातो, पोटाखालचाही लांब असतो, आणि पाठीच्या, पोटाखालच्या आणि शेपटीच्या पराला नारिंगी किंवा फिक्कट पिवळी किनार असते. ती किनार दिसली की जवळजवळ नक्की. तो वर येतो कारण मरळीच्या घराण्याला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे पाण्यात ऑक्सिजन कमी झाला तरी तो जगतो, आणि आटत चाललेल्या ओहोळात शेवटपर्यंत तोच राहतो. नर अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळतो, त्यामुळे विणीच्या दिवसांत गळा फुगलेला डोकऱ्या दिसला तर त्याला हात लावू नका.

पण सापासारखा म्हणजे डोकऱ्याच असं नाही. तोंडाभोवती लांब मिशांच्या चार जोड्या असतील आणि अंगावर खवले नसतील तर तो मांगूर किंवा शिंगी. तोंड सोंडेसारखं टोकदार आणि पाठीवर बारीक बारीक सुटे काटे असतील तर वाम. आणि बाजूला पर नाहीत, कल्ल्याची फट नाही, डोकं पाण्याबाहेर काढून पोहतोय, तर तो मासाच नाही, दिवड आहे. बिनविषारी आहे पण हातात धरला तर चावतो. आमच्या कामात दिवडाला वाम समजून हात घालणारी माणसं दर पावसाळ्यात भेटतात, म्हणून मुलांना हे आधी सांगा.

चांदीचा, ठिपकेवाला. इथे ठिपके कुठे आहेत यावर सगळं आहे. एक छोटा ठिपका कल्ल्याच्या लगेच मागे आणि दुसरा मोठा शेपटीच्या जरा अलीकडे, मिशा नाहीत, मोठे चमकदार खवले, तर तो पेथिया टिक्टो, आपल्या ओढ्यांमधला अगदी नेहमीचा छोटा मासा, विणीत नराचा कडेचा भाग लालसर होतो. एक ठिपका शेपटीच्या मुळाशी आणि एक पाठीवरच्या पराच्या मुळाशी असेल तर तो त्याचाच भाऊबंद, पुंटियस सोफोर. ठिपका नसून नाकापासून शेपटीपर्यंत काळी रेघ असेल तर रास्बोरा. हे सगळे इथलेच, आणि तिघंही सापडले तर ओहोळ बऱ्या अवस्थेत आहे असं मी म्हणेन.

आता हाच मासा जर जरा उंच अंगाचा असेल, पाठीवरचा पर लांब आणि पुढच्या भागात काट्यांचा असेल आणि त्या पराच्या मागच्या भागावर एक काळा डाग असेल, तर ते चिलापीचं पिल्लू आहे. एक सोपी खूण सांगतो जी फारशी कुणी बघत नाही. बहुतेक माशांना नाकपुडीची भोकं प्रत्येक बाजूला दोन असतात, चिलापीला एकच असतं. फोटो झूम केला की दिसतं. चिलापी मूळची आफ्रिकेतली, भारतात १९५२ मध्ये आणली, आणि आता राज्यात धरणं, तलाव, नाले सगळीकडे पोचलीय. मादी पिल्लं तोंडात वाढवते, वर्षातून अनेकदा विते, त्यामुळे एकदा डोहात शिरली की बाकीच्यांना जागा उरत नाही. पिल्लू मिशावालं असेल, दोन जोड्या, आणि पाठीवरचा पर लांब, तर सायप्रिनस. डोकं अंगाच्या मानानं मोठं आणि तोंड वर वळलेलं तर कटला. ही दोन्ही शेततळ्यातून आलेली असणार. बाजूचा शेतकरी कोणता मासा पाळतो हे विचारलंत तर फोटोपेक्षा लवकर उत्तर मिळेल.

दगडाला चिकटणारा. हा मला तुमच्या चौघांत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि याच्याबद्दल फोटोवरून काहीच सांगता येत नाहीये. चार शक्यता आहेत. खालच्या ओठामागे हनुवटीवर गोल चकती आहे, अंगावर खवले आहेत, तर तो मळ्या, गारा मुल्या. ही चकती दगडावर दाबून तो वाहत्या धारेत राहतो, पावसाळ्यात ओल्या कातळावरून वर चढतानाही दिसतो. तोंडाभोवती मिशांच्या तीन जोड्या, अंगावर आडवे पट्टे, खवले डोळ्यांना दिसत नाहीत, तर तो मुऱ्या, लोचच्या घराण्यातला. पाठीवर दोन वेगळे पर आणि पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झालेले, तर खरपा. आणि चौथा, सगळं अंग हाडाच्या खरखरीत चिलखतासारखं आणि तोंडच खाली चोषकासारखं, तर तो सकर, दुकानात काच साफ करणारा मासा म्हणून विकतात तो. पहिले तीन इथले. मळ्या आणि मुऱ्या यांना वाहतं, ऑक्सिजन असलेलं पाणी आणि स्वच्छ दगड लागतात, तेव्हा ते असतील तर ओहोळाचा वरचा भाग अजून चांगला आहे याचा तो सरळ पुरावा आहे. सकर दक्षिण अमेरिकेतला, कुणीतरी टाकी रिकामी करताना सोडलेला. म्हणून याचा खालून एक फोटो मला खरंच हवाय.

वरच्या थरातले बारीक मासे गप्पी असण्याची शक्यता जास्त. डास कमी व्हावेत म्हणून गप्पी अनेक ठिकाणी मुद्दाम सोडले जातात. नर इवलासा, शेपटी रंगीत, मादी मोठी आणि राखाडी, पोट फुगीर. पिल्लं थेट जन्मतात, अंडी घालत नाहीत, त्यामुळे वाढतात भराभर आणि सांडपाण्यातही जगतात. अर्थात छोट्या टिक्टोची पिल्लंही वरून तशीच दिसतात. आणि अजून एक, पावसाळ्यात बेडकाची पिल्लं मासे म्हणून मोजली जातात, गोल डोकं आणि एकच लांब शेपूट, खवल्यांचा पत्ता नाही, काही दिवसांनी मागचे पाय फुटलेले दिसतील.

नाव शोधायला मोबाइलवरची ॲप वापरा, आयनॅचरलिस्टवर इथले लोक मदत करतात, पण ॲपनं पहिलं सुचवलेलं नाव तसंच घेऊ नका. ती यंत्रं फोटोशी फोटो जुळवतात आणि पुष्कळदा थायलंड किंवा ब्राझीलचा मासा सुचवतात. सुचवलेला मासा गोदावरीत नोंदलेला आहे का, हे फिशबेस या माशांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर बघा. आणि त्याआधी तुमच्या भागातल्या भोई-कोळी समाजातल्या एखाद्या जुन्या मासेमाराला दाखवा. ही माणसं तोंड आणि पर बघून हातातला मासा सांगतात. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय वर्णनं छापली तेव्हा इथल्या मासेमारांची नावंच शास्त्रीय नावात घेतली, मुल्या, मुरे, कोळस, खुद्री, शिंगाळा, ती आजही जगभर तशीच वापरतात. फक्त एक लक्षात ठेवा, गावोगावी नाव बदलतं, त्यामुळे नाव लिहाल तिथे गावही लिहा. अगदीच अडलं तर पुण्याजवळ आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथे माशांचे तज्ज्ञ असतात.

आणि नाव जातीपर्यंत आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. गारा आणि चन्ना गाचुआ यांच्यात आज एका नावाखाली अनेक जाती दडलेल्या आहेत असं अभ्यासक मानतात, डीएनए बघितल्याशिवाय सुटत नाही अशी कितीतरी प्रकरणं आहेत. माझ्या वहीत अजूनही अनेक नोंदी नुसत्या "गारा, जात नक्की नाही" अशा आहेत आणि त्या तशाच ठेवलेल्या बऱ्या. खोटं पक्कं नाव लिहिलं तर पुढचा माणूस त्याच्यावर विसंबतो.

विषारी आहेत का. तुम्ही वर्णन केलेल्यात खाऊन किंवा शिवून विष चढेल असा कुठला नाही. पण शिंगी सापडली तर तिच्या छातीजवळच्या परांचा काटा विषारी असतो, लागला की जबर ठणकतं, कटरना-शिंगटी या मिशावाल्या माशांचे काटेही लागतात. काटा लागला तर सहन होईल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, त्या विषाचा जोर उष्णतेनं कमी होतो, आणि सूज चढली, श्वासाला त्रास झाला किंवा काट्याचा तुकडा आत राहिला तर डॉक्टरकडे. मिशावाला मासा मुलांनी हातात धरायचाच नाही, एवढा नियम पुरे. खायचं म्हणाल तर वस्तीतलं सांडपाणी मिळणाऱ्या ओहोळातला मासा मी खाणार नाही आणि तुम्हीही खाऊ नका.

टाकीचं. मुलांचा उत्साह मला समजतो आणि तो मोडू नये असंच वाटतं. पण मळ्या आणि मुऱ्या साध्या टाकीत फार टिकत नाहीत, त्यांना वाहतं थंड पाणी लागतं. डोकऱ्या जगेल, पण झाकण नसेल तर रात्रीतून उडी मारून बाहेर पडेल आणि टाकीतले बाकीचे मासे खाईल. त्यापेक्षा डब्यात दहा मिनिटं बघायचं, चित्र काढायचं, तारीख आणि पाण्याची खोली लिहायची, सोडायचं, आणि दर पंधरा दिवसांनी परत. दिवाळीपासून होळीपर्यंत पाणी आटत जाताना कोण आधी नाहीसा होतो आणि कोण शेवटी राहतो ही नोंद मुलांनी ठेवली तर ती माझ्यासारख्याच्याही उपयोगाची आहे, कारण इतक्या लहान ओहोळांची नोंद कुणी ठेवतच नाही.

उलट्या बाजूनं मात्र मी ठाम आहे. घरच्या टाकीतला मासा ओहोळात सोडायचा नाही, गप्पी नाही, सकर नाही, रूपचंद नाही, आणि थाई मांगूर तर मुळीच नाही. तो आफ्रिकेतला शिकारी मासा आहे, २००० सालापासून त्याच्यावर देशात बंदी आहे, तरी चोरून पाळला जातो. तुमचा ओहोळ गोदावरीला मिळतो आणि गोदावरी पुढे नांदूर मध्यमेश्वरला जाते, जिथलं पाणथळ २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मखमलाबादला बादलीभर सोडलेलं तिथपर्यंत पोचायला एक पूर पुरतो. चिलापी किंवा सकर सापडला तर तो परत पाण्यात टाकू नका, ओळख पक्की असेल तरच, नाहीतर आधी फोटो पाठवा, कारण चुकून खरपा मारला जायला नको.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही पण तुमच्या भागात ती सगळ्यात जास्त परिणाम करते. द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी झाली की बागांमध्ये फवारण्या सुरू होतात, आणि ओहोळ आटायला लागतो तेही याच सुमारास. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातलं तांबं माशांना फार थोड्या मात्रेतही मारक असतं, कीटकनाशकांचं तर विचारूच नका. फवारणीचे ब्लोअर, टाकी, पंप ओहोळात धुतले की त्याच्या खालच्या अंगाचे मासे संपतात, आणि आधी जातात ते मळ्या आणि मुऱ्या. शेजारच्या बागवाल्यांशी भांडण न करता बोलता येत असेल तर एवढंच सांगा की धुणं ओहोळापासून लांब, मातीच्या खड्ड्यात करा. मी ज्या ज्या गावात हे बोललोय तिथे बहुतेकांनी ऐकलंय, कारण त्यांची गुरंही तेच पाणी पितात. सकाळी सकाळी सगळेच मासे वर येऊन तोंड उघडताना दिसले तर ऑक्सिजन कमी पडलाय, आणि एकदम मेलेले दिसले तर पाणी कुणी बिघडवलंय, अशा वेळी बाटलीत पाणी भरून तारीख-वेळ टाकून ठेवा आणि कुठून कुठपर्यंत मेलेत ते चालत जाऊन बघा, मेलेले मासे जिथे सुरू होतात त्याच्या जरा वरच कारण सापडतं.

तर ताई, आता मला पाठवायचं ते इतकंच. डोकऱ्याचा बाजूनं, पर उभे असताना. ठिपकेवाल्याचा बाजूनं पट्टीसकट, आणि नाकपुडीचा जवळून. दगडाला चिकटणाऱ्याचा खालून, हाच सगळ्यात आधी. आणि ओहोळ वरच्या अंगाला कालव्याला किंवा शेततळ्याला कुठे मिळतो ते. पाणी आटायच्या आत, या पंधरवड्यात जमलं तर बघा.